सातच्या आत कारखाना

उमरोळीच्या पुढचं स्टेशन बोईसर. तिथे उतरलं की तारापूरची औद्योगिक वसाहत. आणखी पुढे अणुवीज केंद्र. देशातलं पहिलं, 1969 पासूनचं. एवढं सगळं उशाशी असताना दहावीच्या मुलीला काय सुचवतात? पार्लरचा कोर्स कर.

का? तर मुलीला शोभतं.

आयटीआयला जाते म्हणाली, तर शिवणकाम घे. फिटर म्हणाली की घरात शांतता. मग काका समजावतात, "अगं, हात काळे होतील." भावाचे झाले तर तो कमावता झाला!

काळ्याची ही धास्ती आजची नाही. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'तलं 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. ट्यूब मात्र आरशासमोरून हललेली नाही. आता जोडीला रील. त्रिकोणमितीआधी पोरीला स्वतःच्या नाकाचे कोन पाठ. आणि वर आपणच म्हणणार, "हल्ली मुलींचं अभ्यासात लक्ष नाही."

मुलींना हिशेब जमत नाही? सातपाटीच्या मावशीशी पापलेटचा भाव करून बघा. खिसा हलका झाला की मत कळवा.

साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत रेल्वे चालवत आणली. महिला दिनाला त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच कार्यक्रमात रांगोळी मुलींनी काढायची, माइकच्या वायरी मुलांनी जोडायच्या.

आता कायदा. 1948 च्या कारखाने अधिनियमानुसार बाईने कारखान्यात सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच काम करायचं, असा नियम होता. 2015 मध्ये महाराष्ट्राने सुरक्षा, वाहतूक वगैरे अटी घालून रात्रपाळी खुली केली. सरकारला 67 वर्षं लागली. घरचं सरकार अजून विचार करतंय.

गंमत म्हणजे इस्पितळातली रात्रपाळी चालते. तिथे सेवा असते ना! कारखान्यात नुसता पगार.

"बंदी कुठे आहे? काळजीपोटी सांगतो." मान्य. स्टेशनपासून घरापर्यंत अंधार असतो, हेही मान्य. मग रस्त्यावर दिवे का लागत नाहीत?

दिव्याला अर्ज लागतो, मंजुरी लागते, टेंडर लागतं. मुलीला नुसतं 'नको' म्हटलं की भागतं.