शिडी कुणाची?

आटपाडीत डाळिंब जगवणं एकवेळ सोपं, ठिबकच्या ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर निवडणं अवघड. एक जण सीमेन्सचं टीआयए पोर्टल सांगतो, दुसरा रॉकवेलचं स्टुडिओ ५०००. तिसरा हळूच कानाशी येतो, "आबा, कोडेसिस घ्या, लायसनची कटकट नाही." दीड एकराच्या बागेला! तिघांच्याही टॅबवर हिरवी मोटर गरागरा फिरतेय आणि टाकी काठोकाठ. पडद्यावर उन्हाळा लागत नाही.

या सगळ्यांनी एका भाषेत बोलावं म्हणून आयईसी ६११३१-३ हे मानक आलं १९९३ साली. त्याच वर्षी आटपाडीत पाणी संघर्ष परिषद भरली होती. तेव्हा अवघड काय वाटलं असेल, ते सांगायला नको. पण कृष्णेचं पाणी कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूहून टप्प्याटप्प्यानं उचलून डोंगर चढलं, माणदेशात उतरलं. एका कंपनीचं लॅडर, म्हणजे शिडीसारखा आखलेला प्रोग्राम, दुसरीच्या पीएलसी या कंट्रोलरवर मात्र अजून सरळ चढत नाही.

आमच्या विहिरीवरचा प्लॅटफॉर्म म्हणजे पत्र्याची पेटी, आत सिमकार्डवाला मोबाइल स्टार्टर. रात्री थ्री फेज आली की फोन वाजतो, अंथरुणातूनच मोटर चालू. कधी पेटीत पाल शिरून कॉन्टॅक्टरमध्ये अडकते. मग बॅटरी घेऊन जायचं, मेन बंद करायचा, बाभळीच्या काडीनं पाल काढायची, रीसेट.

"तुमच्यात पालीची काय सोय?" मी तिसऱ्याला विचारलं.

तो माहितीपत्रक परत पहिल्या पानापासून चाळायला लागला.