बॅकअपराव

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. त्यामुळे बॅकअपराव हा नमुना पाहायचा तर थेट अमेरिकेतल्या मोंटाना, वायोमिंग, आयडाहो नाहीतर अलास्का या राज्यांत जावे लागते. ऑक्टोबर लागला, एल्कच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला, की बंदुकीच्या दुकानात काउंटरला पोट टेकवून उभा असलेला पन्नाशीचा गृहस्थ बिनचूक तोच. खरे नाव काही का असेना, आपण त्यांना बॅकअपराव म्हणू. रायफल त्यांनी केव्हाच घेतली आहे आणि तिच्याविषयी त्यांना काही बोलायचे नसते. घोडे अडले आहे ते अंगावर बाळगायच्या दुसऱ्या हत्यारापाशी, म्हणजे ‘बॅकअप’पाशी. गेल्या हंगामातही तिथेच अडले होते.

प्रश्न खोटा नाही, हे आधीच कबूल करू. एल्क हे हरणाच्या कुळातले, पण नर तीनशे किलोच्या वर भरतो. तो पडला की तिथेच सोलायचा, तुकडे करायचे आणि पाठीवरून वाहून गाडीपर्यंत आणायचे. त्या वेळी शिकारी गुडघ्यांवर बसलेला, हात कोपरापर्यंत माखलेले, रायफल पलीकडे झाडाला टेकवलेली आणि आतड्यांचा वास रानभर. ग्रिझली अस्वलाला आमंत्रण म्हणून एवढे पुरते. ते आले, की झाडापर्यंत जाऊन रायफल आणायला सवड नसते; जे अंगावर असेल तेच उपयोगाचे. इथपर्यंत बॅकअपरावांचे शंभर टक्के बरोबर आहे. फक्त इतके पटल्यावर चारचौघे एक हत्यार घेऊन मोकळे होतात. बॅकअपराव मोकळे होत नाहीत.

मुलीसाठी स्थळे पाहणाऱ्या चिकित्सक बापासारखा त्यांचा कारभार. .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर? घराणे १९३५चे, स्वभावाने समजूतदार. पण अस्वलापुढे निभाव लागेल का? १० मिलिमीटरचे ग्लॉक? एका दमात पंधरा गोळ्या. ग्रीनलँडच्या बर्फात गस्त घालणारे डॅनिश सैन्याचे सिरियस पथक पांढऱ्या अस्वलांसाठी तेच बाळगते. ‘‘पण ऐन वेळी गोळी अडकली तर?’’ .४५४ कॅसुल? ताकद भरपूर, मात्र मनगटाशी पटणार नाही. एकेक पत्रिका अशी परत जाते आणि दुकानदार पुढचा ड्रॉवर उघडतो.

.४४ मॅग्नमचा विषय निघाला, की मात्र बॅकअपराव टोपी काढायच्या बेतात येतात. आयडाहोचा एल्मर कीथ हा बुटका, भल्यामोठ्या हॅटचा, गुरे राखणारा आणि बंदुकांवर लिहिणारा गृहस्थ. जुन्या .४४ स्पेशल काडतुसात तो वर्षानुवर्षे जास्त दारू ठासत राहिला आणि कंपन्यांच्या मागे लागला. शेवटी १९५५ साली रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्वर काढले. १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ सिनेमात क्लिंट ईस्टवुडने ते हातात धरले आणि दुकानांत ते मिळेनासे झाले. हा सगळा इतिहास बॅकअपराव गिऱ्हाइकाला, दुकानदाराला आणि पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्यालाही सांगतात. ऐकणाऱ्याला वाटते, आता घेणार. तेवढ्यात ते विचारतात, ‘‘नळी चार इंची बरी, की सहा इंची?’’

त्यांना हैराण करणारी एक खरी गोष्ट आहे. २०१६ साली अलास्कात एका मुरलेल्या गाइडने अंगावर धावून आलेले मोठे अस्वल साध्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाने लोळवले. ज्या पिस्तुलाला बॅकअपराव ‘पाकिटातले खेळणे’ म्हणतात, तेच! ही बातमी कोणी काढली, की त्यांचा चेहरा पडतो. ‘‘नशीब!’’ म्हणतात. त्या गाइडची जंगलातली तीसहून जास्त वर्षे त्यांच्या हिशेबात येत नाहीत. कारण उघड आहे. वर्षे दुकानात मिळत नाहीत.

अखेर एका शनिवारी ते .५०० मॅग्नम घरी आणतात. २००३ साली निघालेले हे रिव्हॉल्वर लांब नळीचे घेतले तर भरते सुमारे दोन किलो, आणि गोळ्या पाच. बायको ते उचलून पाहते आणि खाली ठेवते.

‘‘हे तू कमरेला लावणार?’’

‘‘छातीवर. खास पट्टा मागवलाय.’’

‘‘गेल्या वर्षी दुर्बीण जड होते म्हणून गाडीत ठेवली होतीस.’’

‘‘दुर्बिणीने अस्वल थांबत नाही.’’

‘‘गाडीतल्या रिव्हॉल्वरनेही थांबत नाही,’’ असे म्हणून ती स्वयंपाकघरात जाते. हंगामाविषयी त्या घरात बोलले गेलेले हे सर्वांत अचूक वाक्य.

मग रेंजवर सराव. पहिला बार झाला, की शेजारच्या चार जणांची माना वळवून दाद मिळते. दुसऱ्या बाराला बॅकअपरावांचे डोळे चाप ओढायच्या आधीच मिटतात. तिसरी गोळी लक्ष्याच्या बरीच अलीकडे माती उडवते. चौथी ते झाडतच नाहीत. ‘‘हात बसला,’’ असे म्हणत मनगट चोळत उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतात. एकेक गोळी काही डॉलरची. ती मातीत घालण्यापेक्षा अस्वलासाठी राखून ठेवलेली बरी, असे त्यामागचे अर्थशास्त्र. अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या वर धावते, म्हणजे पंचवीस मीटर कापायला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात पट्टा सोडणे, उपसणे, नेम धरणे आणि डोळे उघडे ठेवणे हे सगळे उरकायचे असते. पण हा भाग बॅकअपरावांना कंटाळवाणा वाटतो. त्यात खरेदी नाही.

त्यांच्यासमोर अस्वलावर मारायच्या स्प्रेचे नाव काढू नये. मिरचीचा अर्क भरलेला तो डबा पाहिला, की त्यांना मसाल्याच्या दुकानात उभे राहिल्यासारखे वाटते. वास्तविक अलास्कातल्या प्रसंगांचा अभ्यास करून २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले, की स्प्रेने तपकिरी अस्वलांना १०० पैकी ९२ वेळा आवरले आणि जवळून सामना होऊनही १०० पैकी ९८ माणसांना अस्वलाकडून इजा झाली नाही. २०१२च्या दुसऱ्या अभ्यासात पिस्तुले-रिव्हॉल्वर ८४ टक्के आणि रायफलीसारख्या लांब बंदुका ७६ टक्के प्रसंगांत कामी आल्या. जिथे आल्या नाहीत तिथली कारणे बहुतेक साधी होती: वेळ मिळाला नाही, नेम चुकला, हत्यार अडकले. काडतूस लहान होते म्हणून माणूस गेला, असे क्वचितच. बॅकअपराव यातला ८४चा आकडा तेवढा पाठ करतात.

हंगामात दिसते ते असे. पहिल्या दिवशी रिव्हॉल्वर छातीवर. दुसऱ्या दिवशी चढावर धाप लागते म्हणून पाठपिशवीत, मोज्यांच्या खाली. तिसऱ्या दिवशी पिकअप ट्रकच्या सीटमागे. सोबतच्या गाइडच्या छातीवर मात्र पॉलिश उडालेले जुने .४४ सकाळपासून झोपेपर्यंत असते आणि त्याविषयी तो चकार शब्द काढत नाही. बॅकअपराव त्याला विचारतात, ‘‘नळी किती इंची?’’ गाइडला आठवत नाही. तो एवढेच सांगतो, की नळीवरची नेम धरायची माशी कानशीने घासून टाका, म्हणजे अस्वलाने हत्यार हिसकावून नको तिथे खुपसले तर कमी दुखेल. हा तिकडचा फार जुना विनोद. बॅकअपराव तो गांभीर्याने घेतात आणि परतल्यावर बिनमाशीची रिव्हॉल्वरे पाहू लागतात.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तसे एका ओळीत मावते: ज्याचा सराव आहे, जे दिवसभर अंगावर राहते आणि ज्याने नेम लागतो ते घ्यावे, शिवाय पट्ट्याला स्प्रे अडकवावा. पण हे मान्य केले तर दुकानात जायचे कारण उरत नाही, म्हणून ते मान्य होणार नाही. वाचकहो, तुम्ही कधी शरद ऋतूत मोंटानाच्या रानात गेलात तर स्प्रे तिथे उतरल्यावरच विकत घ्या, विमानात तो नेऊ देत नाहीत. डब्यावरची मुदत वाचा, खटका काढायचा सराव करा. आणि काउंटरपाशी बॅकअपराव भेटलेच, तर ‘‘शेवटी कुठले घेतले?’’ असे चुकूनही विचारू नका. हंगाम पाचच आठवड्यांचा असतो.