सुपातलं हरीण

आमच्या घराण्यात शिकार पिढीजात आहे. म्हणजे शिकारीची गोष्ट पिढीजात आहे. १९५८ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्या वडिलांनी हरणाच्या शिकारीला नेलं होतं. ही हकिकत मी दर दिवाळीला फराळाबरोबर ऐकत मोठा झालो. एस्टीने निघाले, वाटेत महागणपतीला नारळ वाढवला, सुप्याला उतरले, दिवसभर माळ तुडवला, आणि संध्याकाळी माझ्या आजोबांनी ठासणीच्या बंदुकीच्या एकाच बारात असा काळवीट आडवा केला की त्याच्या शिंगांना सात फाटे! माझ्या लहानपणी पाच होते. मेलेल्या हरणाची शिंगं वाढताना मी फक्त आमच्याच घरात पाहिली आहेत.

मला आबांनी कधी शिकारीला नेलं नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा बंदुकीचा हात त्या कायद्याने बांधला. बंदूक घरात कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे हात मोकळा असता तरी त्यात काय आलं असतं हा प्रश्न होता, पण तो विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

तर परवा शनिवारी रात्री जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं की सोमवारी शाळेत प्रकल्प द्यायचा आहे. विषय ‘रानातला प्राणी’, आणि फोटो स्वतः काढलेला हवा. प्रकल्प तीन आठवड्यांपूर्वी दिलेला होता. आबांनी आमटीची वाटी खाली ठेवली. “हरीण,” ते म्हणाले. “बापाने पोराला एकदा तरी हरणामागे न्यायलाच पाहिजे. माझ्या वडिलांनी मला नेलं.”

“आबा, तीन ते सात वर्षं आत जावं लागेल.”

“कॅमेऱ्याने मार रे! शिकार ती शिकार.”

“कात्रजला आहेत की हरणं,” बायको म्हणाली. “तिकीट काढा, फोटो काढा, दुपारी जेवायला घरी या.” घरातली सर्वांत शहाणी सूचना नेहमीप्रमाणे बहुमताने फेटाळली गेली.

चिरंजीवांनी फोनवर शोधून काढलं: मयूरेश्वर अभयारण्य, बारामती तालुका, १९९७ सालचं, क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर, मुख्य प्राणी चिंकारा. गाव सुपे. “तेच ते सुपं!” आबा ताडकन उठले. “शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर, ती तीच. जा लेका!”

पहाटे साडेपाचला आम्ही खराडीहून निघालो. सामान: कॅमेरा, मित्राकडून मागून आणलेलं लांब भिंग, ट्रायपॉडची खांद्याला लावायची काळी पिशवी, दुर्बीण, सहा पराठे. फोनमधल्या बाईला मी “सुप्याला जायचंय” असं स्वच्छ मराठीत सांगितलं आणि तिने तितक्याच स्वच्छ आवाजात नगर रस्त्याला सरळ जायला सांगितलं. पहाटे साडेपाचला बाईमाणसाशी वाद घालू नये असा माझा संसारातला अनुभव आहे.

चिरंजीव शिक्रापूरला जागे झाले. रांजणगावला त्यांनी खिडकीतून कमान वाचली. “बाबा, इथे महागणपती लिहिलंय. आपल्याला मोरगावचा गणपती लागणार होता ना?”

“अष्टविनायकांपैकी कुठलाही लागला तरी शुभच असतं.”

शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडला. “बाबा, अहिल्यानगर जिल्हा सुरू झाला. बारामती पुणे जिल्ह्यात आहे.”

“बारामती सगळीकडेच असते,” मी म्हणालो. या वाक्याने महाराष्ट्रात कुठलाही वाद थांबतो.

सुप्याला पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता. दोन्ही बाजूंना कारखाने, पत्र्याच्या शेड, कंटेनरची रांग, कामगारांच्या बस. मला वाटलं, याच्या मागे माळ असेल. चहाच्या टपरीवर गाडी लावली आणि विचारलं, “इथं हरणं कुठे भेटतील?”

टपरीवाल्याने उकळता चहा गाळता गाळता विचार केला. “हरण? नवीन आलीय का कंपनी? गेट नंबर काय दिलाय?”

बाकावर बसलेल्या एका ड्रायव्हरने आमचं निदान केलं. “पाहुणं, तुमचं सुपं बारामतीचं. हा सुपा पारनेरचा. आठवड्याला एक तरी येतो असा दुर्बीण गळ्यात घालून.” आणि तो हसला. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात ते असं.

यात माझी काही चूक नाही, चूक मराठी व्याकरणाची आहे. एक गाव सुपा, एक गाव सुपे. पण “-ला” लावला की दोन्हींचं “सुप्याला” होतं. सामान्यरूपाने इतक्या माणसांना इतक्या लांब फसवलं असेल असं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

“हरणंच पाहायची तर कर्जतला जा, रेहेकुरीला,” ड्रायव्हरने भर घातली. “काळवीटच काळवीट.” हे खरं आहे. रेहेकुरीचं अभयारण्य १९८० सालापासून खास काळविटांसाठी आहे, अवघं २.१७ चौरस किलोमीटर. पण ते जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि चिरंजीवांनी एव्हाना चौथा पराठा संपवला होता. मी गाडी पुण्याकडे वळवली. ज्यांनी ज्यांनी हरणाचा पाठलाग केला त्यांची आठवण काढून मनाचं समाधान करत होतो. प्रभू रामचंद्र हरणामागे गेले, पाठीमागे पत्नी गेली. पंडुराजाने हरणाच्या जोडीवर बाण टाकला, ते निघाले ऋषी, आणि शापाने राजाचा संसारच बंद झाला. एक दुष्यंत तेवढा हरणामागे जाऊन पत्नी मिळवून आला, तर पुढे तिलाच विसरला. त्या मानाने आमचे फक्त पराठे संपत आले होते.

वाडेगव्हाणच्या फाट्यावर पाटी दिसली: राळेगणसिद्धी. “हे अण्णा हजारेंचं गाव?” चिरंजीव म्हणाले. “आमच्या पुस्तकात आहे. तिथे झाडं आहेत. झाडं असली की हरीण असतं.” तर्क अकरा वर्षांचा होता, पण सकाळपासून गाडीत झालेल्या सगळ्या तर्कांत तोच त्यातल्या त्यात बरा. वळलो.

फाट्यापासून आत चार-पाच किलोमीटर. दोन्हीकडे बांधबंदिस्ती केलेली शिवारं, नाल्यांवर बांध, टेकड्यांच्या उतारावर झाडी. पाऊस इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही आला तर. कोकणात तेवढा एका आठवड्यात सांडतो आणि समुद्राला जातो. इथे चर खणून, पाझर तलाव आणि नालाबांध घालून तो अडवला, जिरवला आणि विहिरींत आणला. सैन्यात ट्रक चालवणारे किसन बाबूराव हजारे १९७५ साली गावी परतले तेव्हा गावात तीसहून अधिक हातभट्ट्या होत्या आणि यादवबाबांच्या देवळाचं लाकूडसुद्धा भट्टीखाली गेलं होतं. आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्यांनी आधी ते देऊळ उभं केलं, आणि मग गाव. हे मी चिरंजीवांना गाडीतच सांगून टाकलं, म्हणजे दिवस अगदीच वाया गेला असं घरी म्हणता येणार नाही.

देवळाजवळ उतरलो. मी गळ्यात दुर्बीण, खांद्याला ट्रायपॉडची लांबोडकी काळी पिशवी. पारावर धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. त्यांनी मला नाही, पिशवीला न्याहाळलं.

“कुठलं पाहुणं?”

“पुण्याचे.”

“कशापायी येणं केलं?”

मी तोंड उघडण्याआधी चिरंजीव म्हणाले, “हरणाच्या शिकारीला!”

पारावर शांतता पसरली. शेजारी वर्तमानपत्र वाचणाऱ्याने पेपर खाली केला. “बाळा,” आजोबा हळू म्हणाले, “या गावात कुऱ्हाड लावायची बंदी हाय. तुझा बाप बंदूक घेऊन आला व्हय?”

पिशवी उघडून ट्रायपॉडचे तिन्ही पाय पसरून दाखवले तेव्हा कुठे वातावरण निवळलं. पण पिशवी उघडायला नको होती. कारण बाजूच्या कप्प्यातून चिरंजीवांनी लेन्स पुसायचं फडकं ओढलं आणि त्यासोबत माझी तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी पारावर येऊन पडली. ज्या गावाच्या दुकानांतून विडी-तंबाखू कधीच हद्दपार झाली, जिथे होळीत तंबाखू जाळली, जिथे एके काळी दारू पिऊन आलेल्याला खांबाला बांधून फटके दिल्याचं अख्ख्या देशाला ठाऊक आहे, त्या गावाच्या ऐन देवळापाशी. माझी नजर आपोआप खांब शोधू लागली.

“बाबा, हे काय आहे?” चिरंजीवांचा आवाज गावसभेत शोभला असता.

“लेन्सचं औषध आहे,” मी म्हणालो.

आजोबांनी पुडी उचलली, हुंगली आणि माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की त्यापेक्षा फटके परवडले असते. “असलं औषध आमीबी घेत व्हतो,” ते म्हणाले आणि पुडी आपल्या बंडीच्या खिशात घातली. परत दिली नाही. मागायची माझी छाती नव्हती.

एवढं झाल्यावर मात्र त्यांनी आम्हाला आपलंसं केलं आणि गावाचे नियम बोटांवर मोजून सांगितले. श्रमदान. कुऱ्हाडबंदी. चराईबंदी, म्हणजे गुरं मोकळी सोडायची नाहीत, दावणीला बांधून वैरण घालायची. नशाबंदी, असं म्हणताना त्यांनी बंडीचा खिसा थोपटला. पाचवी नसबंदी.

“बाबा, नसबंदी म्हणजे काय?”

मी दुर्बीण डोळ्यांना लावून टेकडीकडे पाहू लागलो. आजोबांनीच विचारलं, “तुला भाऊबहीण किती रं?”

“एकपण नाही.”

“मंग झालं,” आजोबा म्हणाले. “तुझ्या बापाला ठावं हाय.”

चिरंजीवांचं मन मात्र चराईबंदीत अडकलं होतं. “आजोबा, हरीण म्हणजे चरणाराच प्राणी ना? इथे चरायलाच बंदी आहे, मग ते येणार कसं? आणि आलं तर दंड कुणाकडून घेणार?” आजोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. पंधरा मिनिटं त्यावर पारावर चर्चा झाली आणि हरणाला सूट द्यावी असं साधारण मत पडलं. माळाकडे कधीमधी येतात, कुणी म्हणालं. परवाच दिसलं होतं, दुसरा म्हणाला. हरीण नेहमी परवा दिसलेलं असतं.

मग आम्ही शिवारात फिरलो. दुपारचे दोन. कुठलंही स्वाभिमानी हरीण त्या वेळी सावलीला बसतं, हे मला नंतर कळलं. दोन मोर, बगळे, एक सरडा. सरड्याचा फोटो काढ म्हटलं तर चिरंजीव म्हणाले, वर्गातल्या निम्म्या मुलांनी सरडाच आणलाय.

आणि एकाएकी त्यांनी माझा हात दाबला. बांधापलीकडे, वाळक्या गवताआड, तांबूस पाठ. टोकदार कान. दोन आखूड शिंगं. मी श्वास रोखला. आबांनी, माझ्या आजोबांनी ज्या क्षणासाठी माळ तुडवला तो हाच. “चिंकारा,” मी पुटपुटलो. “मार!” चिरंजीवांनी एका दमात त्रेचाळीस फोटो मारले. चव्वेचाळिसाव्याला प्राण्याने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि “बँऽऽ” केलं. गळ्यातलं दावं तेव्हा दिसलं. चराईबंदीचं पालन करणारी, दावणीची, कुणाच्या तरी घरची शेळी होती.

परतीच्या वाटेवर चिरंजीव फोनवर काहीतरी वाचत होते. वाघोली येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, हिरमुसले.

घरी आबा गॅलरीत वाट पाहत होते. “मिळालं?”

“आबा,” चिरंजीव त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, “तुम्ही शिकारीला जाताना नारळ कुठल्या गणपतीला वाढवला होता?”

“महागणपतीला.”

“महागणपती रांजणगावचा. बारामतीच्या सुप्याजवळ मोरगाव आहे, तिथला मयूरेश्वर. तुम्ही एस्टीने गेलात ना? पहिली एस्टी १ जून १९४८ ला धावली, ती पुणे-नगर रस्त्यावरच.”

आबांनी चष्मा काढला.

“आणि काळविटाच्या शिंगांना फाटे नसतातच. तो कुरंग. त्याच्या शिंगांना पीळ असतो, आणि ती गळत नाहीत. फाटे सारंगाला, म्हणजे चितळाला, सांबराला. सात फाट्यांचं काळवीट जगात नाही.”

मी साठ-पासष्ट वर्षांची दिवाळी डोळ्यांसमोर कोसळताना पाहत होतो. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. आबांनी बराच वेळ चष्मा पुसला.

“माझ्या वडिलांनी उतरल्या उतरल्या चहावाल्याला विचारलं होतं,” ते अखेर म्हणाले. “तो म्हणाला, परवापर्यंत होती.”

“मग मटण?” मी विचारलं. गोष्टीत मटणाच्या वाटणीचा मोठा भाग होता, गल्लीतली आठ घरं जेवली होती.

“मटण होतं. शिरूरच्या बाजारातनं घेतलं. आईला सांगू नकोस म्हणाले.” आबांनी चष्मा चढवला आणि नातवाकडे हात पुढे केला. “बघू तुझा फोटो.”

चिरंजीवांनी कॅमेरा दिला. पहिलाच, दावं दिसण्याआधीचा. गवत, तांबूस पाठ, दोन कान, आखूड शिंगं. आबांनी तो जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

“हां,” ते म्हणाले. “हेच. अगदी असंच होतं.”