लिंबाची फोड आणि कोच

अंधेरीच्या फुटबॉल अरेनात मुंबई सिटीला गोल होईनासे झाले की चौकशी समिती बसते ती जुहू चौपाटीवर. चार जण, एक पावभाजी, जादा पाव दोनदा. आरोपी ठरलेला: कोच पेट्र क्रातकी.

२०२२-२३ मध्ये डेस बकिंगहॅमच्या हाताखाली याच क्लबने आयएसएलच्या २० साखळी सामन्यांत ५४ गोल ठोकले. तेव्हा तो 'आपला डेस'. तो ऑक्सफर्ड युनायटेडला गेला, क्रातकी आला आणि मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएल चषक घेऊन आला. श्रेय मात्र खेळाडूंचं! मग त्या उन्हाळ्यात स्ट्रायकर डियाझ आणि नोगेरा बंगळुरूला गेले, अपुइया मोहन बागानला. पुढच्या हंगामात २४ सामन्यांत गोल २९. दोष? अर्थात कोचचा.

"अरे, फॉर्मेशनच चुकतंय," असं म्हणत एकाने ताटलीत कांद्याचे तुकडे मांडले. लिंबाची फोड म्हणजे विंगर छांगटे. छांगटे उजवीकडून आत शिरणार, तोच दुसऱ्याने तो भाजीवर पिळला.

"आणि डियाझ गेला त्याचं काय?" मी विचारलं.

"चांगला कोच असता तर अडलं असतं का?"

मार्च २०२५ च्या बाद फेरीत बंगळुरूने मुंबईवर पाच गोल चढवले. त्यातला एक डियाझचाच. म्हणजे आपला स्ट्रायकर गोल करतच होता, फक्त समोरच्या जाळ्याऐवजी आपल्या जाळ्यात. समितीने हाही मुद्दा नोंदवून घेतला, कोचच्या नावावर.