सक्ती नको, जागा द्या

जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासूनच मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. त्यासाठी माजी सैनिकांची मदत घेऊ, असंही सांगितलं. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण याच राज्यात अठरा वर्षांची मुलं-मुली दर पावसाळ्यात कॉलेजच्या मैदानावर एनसीसीच्या निवडीसाठी धावतात आणि त्यांतली बरीच जण जागा नाहीत म्हणून परत फिरतात. ज्यांना मनापासून हवंय त्यांना नाही म्हणायचं आणि ज्यांना अजून बुटाची नाडी बांधता येत नाही त्यांच्यासाठी योजना आखायची, ही उलटी गंगा आहे.

सक्तीचा प्रयोग आपण करून पाहिलेला आहे. १९६२ च्या युद्धात चीनकडून मार खाल्ल्यावर १९६३ मध्ये कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली. संख्या फुगली, प्रशिक्षणाचा कस उतरला. मन नसलेली पोरं रांगेत उभी केली की रांग लांब होते, त्यातून फौज तयार होत नाही. १९६८ मध्ये सरकारने सक्ती मागे घेतली. पाच वर्षांत कळलेली गोष्ट आपण साठ वर्षांत विसरलो.

कॉलेजातल्या लष्करी शिक्षणाची सुरुवात मुळात इंग्रजांच्या गरजेतून झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये विद्यापीठांत पथकं निघाली. कलकत्त्याच्या पथकात प्रेसिडेन्सी कॉलेजातून काढून टाकलेला एक विद्यार्थी होता. त्याचं नाव सुभाषचंद्र बोस. परेड, नेमबाजी, तंबूतलं राहणं त्याला मनापासून आवडलं. पुढे त्याने ते शिक्षण कुणाविरुद्ध वापरलं, हे सांगायला नको. कवायत शिकवली की मुलगा निमूटपणे हुकमाचा ताबेदार होतो, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

स्वतंत्र भारताची एनसीसी मात्र वेगळ्या डोक्यातून आली. १९४६ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते पंडित हृदयनाथ कुंझरू. ते कोण? पुण्यात १९०५ मध्ये गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे आजीव सेवक आणि पुढे दीर्घकाळ अध्यक्ष. भारतरत्न देऊ केलं तेव्हा ते नाकारणारा माणूस. त्यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याने छात्रांवर प्रत्यक्ष लष्करी सेवेची जबाबदारी टाकली नाही. नेतृत्व करू शकतील असे नागरिक घडवायचे आणि त्यातून ज्यांना सैन्यात जायचंय त्यांना वाट मोकळी करायची, हा बेत होता. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. १९४९ मध्ये! आजही कॉलेजला पाठवताना मुलीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधी बघणाऱ्या घरांनी हे साल वाचावं.

मैदानावर नेमकं काय घडतं, हे न पाहणाऱ्यांना वाटतं की पाय आपटणं म्हणजे शिस्त. पाय आपटणं दोन महिन्यांत येतं. खरी परीक्षा पुढे, वर्ड ऑफ कमांडची. उस्ताद, म्हणजे लष्करी प्रशिक्षक, छात्राला स्क्वॉडसमोर उभं करतो आणि सांगतो, आता तू चालव. आयुष्यात कधी मोठ्याने न बोललेली मुलगी पोटातून आवाज काढते : ‘तेज चल!’ आणि वीस माणसं निघतात. आता ‘थम’ कधी म्हणायचं? ठरलेला पाय जमिनीला लागेल त्या क्षणी. अर्धा क्षण उशीर झाला की स्क्वॉडची वाट लागते, ओळ मोडते, कुणी चालतो, कुणी थांबतो. चूक तिची असते, भोगतात वीस जण. अधिकारपदाचा हा पहिला धडा आहे आणि तो वर्गात बसून मिळत नाही. आपल्या एका चुकीच्या शब्दाने इतरांचे पाय अडकतात, हे विशीच्या आत अंगात मुरलं की माणूस पुढे तहसीलदार होवो, मुख्याध्यापक होवो वा सरपंच, त्याच्या तोंडून बेजबाबदार हुकूम सहज निघत नाही.

दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये तर आणखी बरंच काही होतं. पहाटे फॉल इन, बिछान्याची घडी, भांडी घासायची रांग, तंबूत शेजारी वेगळ्या जातीचा, वेगळ्या गावाचा, वेगळ्या जेवणाचा मुलगा. सिनियर अंडर ऑफिसर झालेल्या मुलाला हजेरी द्यायची असते ती स्वतःची नव्हे, सगळ्यांची. कुणाला ताप आहे, कुणाच्या बुटाने टाच सोलली, कुणी जेवलं नाही, हे त्याला ठाऊक असावं लागतं. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत १९३२ पासून अधिकाऱ्यांना एकच क्रम शिकवतात : देश आधी, हाताखालची माणसं त्यानंतर, स्वतः सर्वांत शेवटी. आपल्या सार्वजनिक जीवनात हा क्रम उलटा चालतो. म्हणून मला एनसीसी हवी आहे. सीमेसाठी तर हवीच, पण नगरपालिकेसाठी, पाणीपुरवठा खात्यासाठी, सरकारी दवाखान्यासाठी जास्त हवी आहे.

सेवेचा पुरावा मागाल तर तोही आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत छात्रांनी दारूगोळा कारखान्यांना आणि नागरी संरक्षणाला हात दिला. करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० पासून, ‘योगदान’ या मोहिमेत सिनियर विभागाचे छात्र स्वेच्छेने रस्त्यावर उतरले. मदतवाटप, हेल्पलाइन, रांगा, वाहतूक, जे पडेल ते केलं. गणेश विसर्जनाच्या गर्दीतही हे खाकी गणवेश दिसतात. दिल्लीच्या प्रजासत्ताकदिन शिबिरात महाराष्ट्राच्या पथकाने २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं पंतप्रधान ध्वज मिळवला. म्हणजे आपल्याकडे मुलंही आहेत आणि शिकवणारेही.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण पाहुणे. संस्थाचालकांच्या वाढदिवसाला, मंत्र्यांच्या स्वागताला, फीत कापायला आलेल्या कुणालाही मानवंदना द्यायला छात्र हवेत. पाहुणे दोन तास उशिरा येतात, मुलं उन्हात उभी. वेळ पाळायला शिकवणाऱ्या संघटनेचा हा अपमान आहे आणि तो थांबवणं प्राचार्यांच्या हातात आहे. छात्र राष्ट्राचे आहेत, संस्थेच्या मांडवातले नव्हेत.

दुसरी अडचण एएनओ, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर. कॉलेजात रसायनशास्त्र किंवा इतिहास शिकवणारा, कामठीच्या एनसीसी अकादमीत प्रशिक्षण घेऊन आलेला प्राध्यापक हा या सगळ्याचा कणा. तो निवृत्त झाला की त्याच्या जागी प्रशिक्षण नसलेला केअरटेकर नेमतात, कागद चालू राहतात आणि परेड मरते. प्राध्यापकभरतीच रखडलेली असेल तर एएनओ येणार कुठून?

तिसरी अडचण पैसा, आणि ही मला सर्वांत जास्त खुपते. एनसीसीचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. राज्याने हात आखडला की जागा वाढत नाहीत. मग वाट काढली ती स्वयंअर्थसहाय्याची : कॉलेजने खर्च करावा आणि युनिट घ्यावं. ज्या संस्थेकडे पैसा आहे तिथे गणवेश आला. गडचिरोली-नंदुरबारच्या अनुदानित कॉलेजातलं पोर, ज्याला याची सर्वांत जास्त गरज, ते रांगेतच राहिलं. गरज बोलकी आहे : एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के गुण असतील, तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीसमोर, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या निवड मंडळासमोर, उभं राहून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जाण्याची संधी मिळते. केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाईभरतीत ‘सी’ प्रमाणपत्राला ५ टक्के, ‘बी’ला ३ टक्के वाढीव गुण आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलासाठी हे नशीब पालटणारे आकडे आहेत.

फक्त गुणांसाठी एनसीसीत येतात, असं म्हणून नाक मुरडणारे प्राध्यापक मी ऐकलेत. येऊ द्या की. गुणांसाठी आलेला मुलगा तीन वर्षं पहाटे उठून मैदानावर येतो, रक्तदान शिबिरात खुर्च्या लावतो, ज्युनियरला कवायत शिकवतो. आला कशासाठी यापेक्षा तिथे त्याने काय केलं, हे महत्त्वाचं.

पहिलीच्या योजनेवर खर्च होणारे पैसे आणि माजी सैनिक दोन्ही आधी कॉलेजांकडे वळवा. मागास तालुक्यांतल्या प्रत्येक अनुदानित कॉलेजात एक कंपनी उभी करा आणि एएनओच्या रिकाम्या जागा प्रशिक्षित माणसांनी भरा. आणि पालकहो, प्रवेश घेताना कॉलेजचं वसतिगृह नि प्लेसमेंट विचारता, तसं एवढंही विचारा : तुमच्याकडे एनसीसीच्या किती जागा आहेत, आणि त्या चालवणारा एएनओ प्रशिक्षित आहे की केअरटेकर? उत्तर लेखी मागा. मग तोच कागद घेऊन तुमच्या आमदारांकडे जा.