चेतकचे दात

घोड्याचं वय दात बघून सांगतात. चेतकचं कशावरून सांगायचं, हा प्रश्न आमच्या आकुर्डीत निघाला आणि सोसायटीत दोन तट पडले.

निमित्त मामाच्या चेतक स्कूटरचं. मामा गेला, आरसी बुक वाळवीनं नेलं, गाडी तेवढी पार्किंगमध्ये राहिली. 2021 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं होऊन गेलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिरवायची, फी 20,000 रुपये. पन्नाशीला एक वर्ष जरी कमी पडलं, तरी तीच गाडी भंगारवाल्याची.

अमेरिकेत जुन्या गोष्टीचं साल शोधणं सोपं आहे. तिथं अॅल्युमिनियमची जुनी होडी सापडली, तरी शौकीन माणूस रंगाचा पट्टा बघून साल सांगतो, कारण कंपन्या दरवर्षी काहीतरी बदलत राहतात. 1972 च्या नोव्हेंबरपासून तर तिथल्या होडीच्या अंगावरच्या नंबरात बांधणीची तारीखही असते. त्याच 1972 मध्ये बजाजनं चेतक आणला. पियाजिओ कंपनीशी असलेला स्कूटरचा करार आदल्या वर्षी संपला होता. त्यानंतर तीसेक वर्षं चेतकचा चेहरा फारसा हलला नाही. का हलावा? सरकारी परवान्यात लिहिलेल्या आकड्यापलीकडं गाड्या काढायच्या नाहीत, आणि मागणारे दाराशी उभे. नंबर लागायला दहा-दहा वर्षं. शाळकरी मुलाच्या नावानं केलेलं बुकिंग ज्याला त्याच्या वरातीत कामाला येतंय, त्याला नव्या रंगाचा पट्टा दाखवून काय भुलवणार?

त्यामुळं आमच्याकडं प्रत्येक जुन्या स्कूटरला दोन जन्मसालं असतात : बुकिंगचं आणि डिलिव्हरीचं. मालक पहिलंच सांगतो. मामाही छाती काढून “चौऱ्याहत्तरची गाडी आहे” म्हणायचा. मामीच्या मते चौऱ्याहत्तरला त्यानं फक्त पैसे भरले होते. वाट बघण्यातली वर्षं कायदा वयात धरत नाही, हा अन्यायच म्हणायचा. त्या वर्षांत लोकांचे केस गेले.

तपासाला पहिले आले स्कूटर कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका. पत्र्यावरून हात फिरवून म्हणाले, “वेल्डिंग आमच्या शिफ्टचं आहे.” कुठल्या सालच्या शिफ्टचं, यावर ते बोलेनात. खालच्या मजल्यावरचे अण्णा टेल्कोतले. त्यांनी जन्मभर ट्रक जोडले, म्हणून दुचाकीबद्दलही त्यांचं मत ठाम. दोघांचं एकमत झालं ते नंबरप्लेटवर : ‘एमएच’ नाही, म्हणजे 1989 च्या आधीची. एवढं तर वॉचमनलाही माहीत होतं.

मग चिंचवड स्टेशनजवळचा मेकॅनिक बोलावला. त्यानं गाडी आडवी केली, खालून-वरून पाहिली आणि विचारलं, “साल कुठलं सांगू? पुढचं की मागचं?” हँडल नव्वदनंतरचं, वायरिंग त्याहून अलीकडचं, सीट पूर्वी साताऱ्यात बनणाऱ्या प्रिया स्कूटरची आणि इंजिन कुणाचं ते इंजिनालाच ठाऊक. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हेच व्हायचं. प्रत्येक गल्लीत एक वर्कशॉप आणि प्रत्येक घरात एक फिटर. गाडीला मूळ रूपात राहू देतो कोण? आणि विंटेजचा नियम म्हणतो, गाडीत मोठे फेरफार नकोत.

उरला चेसिस नंबर. गंज घासला, वर कागद धरला, पेन्सिल फिरवली. आकडे उमटले. काकांनी चष्मा पुसला, जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, बराच वेळ “हं, हं” केलं आणि निकाल दिला : सत्त्याहत्तरची अखेर, नाहीतर अठ्ठ्याहत्तर.

“म्हणजे दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, वहिनी,” काका म्हणाले.

मामीनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला. “बुकिंग केलं तेव्हाही हेच सांगितलं होतं.”