फक्त हात मागवा, माणूस नको!

मु. साहुकारपेठ, चेन्नई

मा. भूमिपुत्ररक्षक साहेब
(राज्य कोणतेही, पक्ष कोणताही) यांस,

सा. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा. आमच्याकडे पाऊस रुसला, म्हणून माणसं सोनं गाळायला देशभर पांगली. इथल्या सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, भट्टीत घालायचा आणि तेजाबातून त्यातलं सोनं बाहेर काढायचं, हा आमचा गलाईचा धंदा. थोडक्यात, मी परप्रांतीय. आपण परप्रांतीयांचा प्रश्न कायमचा निकालात काढणार असं कानावर आलं, म्हणून एक सूचना करतो.

'तात्पुरता पाहुणा कामगार' योजना आणा. बिहार, झारखंड, ओडिशाच्या माणसाने फक्त दोन हात पाठवावेत. पोट, पोरं आणि मातृभाषा गावी ठेवावी. काम संपलं की हात परत. आखातात कामगाराचा मुक्काम मालकाच्या मर्जीला बांधतात, तोच कित्ता गिरवायचा.

अडचण एवढीच की घटनेच्या 19व्या कलमाने कुणालाही कुठंही राहायची मुभा देऊन ठेवली आहे. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत 75 टक्के जागा स्थानिकांना देणारा कायदा करून पाहिला, तो उच्च न्यायालयाने 2023 मध्ये रद्द केला. इथे द्रमुकनेही 2021 च्या जाहीरनाम्यात 75 टक्क्यांचंच आश्वासन दिलं होतं. पण नाउमेद होऊ नका. आपली योजना कायद्यावाचून केव्हाच चालू आहे. ओरगडम, श्रीपेरुंबुदुरच्या कारखान्यांच्या बाजूला संध्याकाळी एक चक्कर मारा. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी पोरं दिसतील. दिवसपाळीवाला आला की रात्रपाळीवाला उठतो, चटई गार होत नाही.

उलट, कायदा असून काय होतं तेही बघा. ठेकेदारामार्फत परराज्यात नेलेल्या मजुराला फोटोचं पासबुक, जाण्यायेण्याचं भाडं, राहायला जागा आणि महिन्याच्या पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ता द्यावा, असं 1979 च्या कायद्यात स्वच्छ लिहिलं होतं. माझ्या ओळखीच्या एकाही गवंड्याने तो भत्ता पाहिलेला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात भत्ताच गाळला. न दिलेली रक्कम न देण्याची ही सोय मला फार आवडली.

हातांबरोबर डोकी येतात, हा मात्र योजनेतला दोष. 28 जून 2014 ला इथल्या मौलिवाक्कममध्ये बांधकाम चालू असलेली 11 मजली इमारत कोसळली आणि 61 जण गेले. आंध्र, ओडिशाकडचे कितीतरी. हात ढिगाऱ्यात राहिले, तर वारस मात्र रेल्वेने येतात आणि भरपाई मागतात. याचा बंदोबस्त योजनेच्या अर्जात आधीच करावा.

दुसरा दोष, हात घाबरतात. मार्च 2023 मध्ये बिहारी मजुरांना मारहाण होत असल्याच्या खोट्या चित्रफिती पसरल्या आणि पोरं गाड्या पकडू लागली. कारखानदारांचे चेहरे उतरले. तेव्हा हिंदीला दारात उभं न करणाऱ्या राज्यात पोलिसांना हिंदीतून धीर द्यावा लागला. त्याच्या आदल्याच वर्षी इथले एक मंत्री म्हणाले होते, हिंदी बोलणारे कोइम्बतूरला पाणीपुरी विकतात. मुंबईकरांनी हसू नये. 'हटाव लुंगी' म्हणत आपणही इथल्याच माणसांना हाकलायला निघालो होतो.

'तात्पुरता' या शब्दावर फार विसंबू नका, हेही सांगून ठेवतो. आदिलशहाने कामगिरीवर धाडलेले आमचे व्यंकोजीराजे तंजावरला आले, आणि घराणं 1855 पर्यंत गादीवर बसून राहिलं. कुणी परवाना विचारला नाही.

योजना मंजूर होईपर्यंत एवढं करा. आपल्या पुढच्या भूमिपुत्र मेळाव्याचा मंडप, खुर्च्या, जेवणाच्या पंगती आणि नंतरची झाडलोट निव्वळ भूमिपुत्रांकडून करून घ्या. मेळावा दोनचार महिने पुढे ढकलावा लागेल, पण तत्त्वासाठी तेवढं चालतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गलाईवाला
(तात्पुरता, तिसरी पिढी)